मुलांकडून मराठेपणाचा दाखला मागू नका



पानिपतच्या शौर्य दिनाच्या मंडपात अध्यक्षाने भाऊसाहेब, विश्वासराव, इब्राहिमखान गारदी यांना वंदन करावे आणि आवरते घ्यावे, असा रिवाज आहे. वंदन मी केले. आवरते घेणार नाही, कारण समोर हरियाणातल्या रोड मराठा समाजाची मुले बसली आहेत आणि त्यांच्या छळात महाराष्ट्रातल्या माणसांचा हात आहे.

कर्नाल, कुरुक्षेत्र, कैथल, पानिपत या पट्ट्यातला हा संख्येने लहान समाज. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या लढाईनंतर जे मराठे दक्षिणेत परतले नाहीत, त्यांचे आपण वंशज, असे हे लोक मानतात. कोल्हापूरच्या वसंतराव मोरे यांनी त्या बाजूने संशोधन मांडले. ते न पटणारे अभ्यासकही आहेत. कागदपत्रे समोर ठेवून हा वाद खुशाल शंभर वर्षे चालवा! पण तो चालतो सोळा वर्षांच्या पोरीच्या फोटोखाली. तिने फेटा बांधून इथल्या युद्धस्मारकाच्या स्तंभाजवळचा फोटो टाकला, की आपल्याकडचा कोणी विचारतो, मराठी येते का? दुसरा आडनाव विचारतो. तिसरा इथलाच, हरियाणातला. तो म्हणतो, काल रोड होतात, आज मराठे कुठून झालात? त्या पोरीने कोणाकोणाला पुरावा द्यायचा?

भालाफेकपटू नीरज चोप्रा याच पानिपत जिल्ह्यातल्या खंडरा गावचा. ७ ऑगस्ट २०२१ ला त्याने टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले आणि ‘आपला मराठा’ म्हणून त्याचे फोटो आपल्या मोबाइलांवर फिरू लागले. ८ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ मीटर भाला फेकला; नीरजला ८९.४५ मीटरवर रौप्य मिळाले. तोही आमचाच मुलगा, असे नीरजची आई म्हणाली, तेव्हा देशभर तिचे कौतुक झाले. पुढच्या एप्रिलमध्ये पहलगामचा हल्ला झाला. त्याआधीच नीरजने अर्शदला बंगळुरूच्या स्पर्धेचे निमंत्रण धाडले होते. तेवढ्यावरून त्याच्या घरच्यांना शिव्या पडल्या, आईला तर वर्षापूर्वीच्या त्याच वाक्यासाठी. नीरजला स्वतःच्या देशप्रेमाचा खुलासा लिहावा लागला. ‘आपला मराठा’ म्हणणारे त्या दिवशी कुठे होते? त्याच्या बाजूने लिहिणारे मला फार थोडे दिसले.

ऑलिंपिक पदकवाल्याच्या घराची ही गत, तर ज्याच्यामागे पदक नाही त्या पोराचे काय होत असेल? मोठ्या समाजातल्या मुलाला शिवी पडली तर ती बहुधा त्याच्यापुरती राहते. लहान समाजातला मुलगा ती साऱ्या बिरादरीच्या वतीने झेलतो. उत्तरे देत रात्री जागतो, पुस्तक उघडत नाही, जेवताना गप्प असतो. घरी सांगत नाही, कारण सांगितले की मोबाइल जाणार.

मोबाइल काढून घ्या म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांशीही माझे भांडण आहे. गावोगाव विखुरलेल्या या मुलांना साताऱ्या-कोल्हापूरची माणसे तिथेच भेटली, पानिपताच्या कथा तिथेच ऐकायला मिळाल्या. तो हिसकावलात तर पोर आणखी एकटे पडेल, आणि शिव्या देणारा मोकळाच राहील.

समाजमाध्यमांच्या कंपन्यांनाही मी सोडत नाही. फेसबुकने २०१७ पासून रागाच्या चेहऱ्यासकट साऱ्या इमोजींना लाइकच्या पाचपट वजन दिले होते. हे २०२१ मध्ये त्यांच्याच आतल्या कागदपत्रांतून बाहेर आले. भांडणारी पोस्ट वर चढावी, ही त्यांनी केलेली व्यवस्था होती. पण आडनाव विचारणारे बोट कंपनीचे नव्हते. ते आपल्यातल्या कोणाचे तरी होते.

म्हणून आज मागणी करतो. महाराष्ट्रातून आलेल्यांनो, इथल्या मुलांबरोबर सेल्फी घेता ना? मग त्याच फोटोखाली कोणी त्यांना नकली म्हटले, तर तिथेच, स्वतःच्या नावाने, त्याला अडवा. आयोजकांनो, दरवर्षी तलवारबाजीला वेळ देता. पुढच्या वर्षी तासभर मनाच्या डॉक्टरला द्या. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक प्रत्येक ग्रुपवर वर लावून ठेवा. आईबापांनो, पोर त्या क्रमांकावर बोलले तर बिरादरीत नाक कापले गेले असे म्हणू नका.

सभा संपल्यावर ग्रुपांच्या ॲडमिननी मागच्या मंडपात थांबायचे आहे. आपापल्या ग्रुपवर दाखला मागणारे किती आहेत ते माझ्यासमोर मोबाइल उघडून पाहू, आणि त्यांना आजच बाहेर काढू.