मैलापूरचे वकील आणि पेरांबूरचे मजूर

मद्रास शहराच्या दक्षिण भागात, कपालीश्वराच्या मंदिराभोवती मैलापूरची पुरातन वस्ती आहे. मंदिराचे गोपुर, विस्तीर्ण तळे आणि नामांकित वकिलांची घरे, ही एके काळी या वस्तीची ओळख होती. भाष्यम् अय्यंगार, सर सुब्रह्मण्य अय्यर, व्ही. कृष्णस्वामी अय्यर हे कायदेपंडित येथलेच. वारसा, दत्तकविधान, जमीनदारी आणि देवस्थाने यांच्या कज्ज्यांत त्यांचा हात धरणारा विरळाच. परंतु गिरणीतल्या मजुराच्या गाऱ्हाण्याला त्यांच्या ग्रंथसंग्रहात जागा कोठे होती?

शहराच्या उत्तरेस, पेरांबूरला, बकिंगहॅम आणि कर्नाटिक या कापडगिरण्या होत्या. तेथील कामगारांसाठी २७ एप्रिल १९१८ रोजी ‘मद्रास लेबर युनियन’ स्थापन झाली. तिचे अध्यक्ष बी. पी. वाडिया हे मैलापूरपलीकडे, अडयार येथील थिऑसॉफिकल सोसायटीतले कार्यकर्ते. १९२० साली टाळेबंदी झाली आणि मालकांनी थेट हायकोर्टात वाडियांवर दावा लावला. त्यांनी मजुरांना नोकरीचा करार मोडण्यास प्रवृत्त केले, हा आरोप. कोर्टाने मनाईहुकूम दिला.

इंग्लंडमध्ये १९०६ च्या कायद्याने मजूरसंघांना अशा दाव्यांपासून संरक्षण दिले होते. हिंदुस्थानात तसा कायदाच नव्हता. एकेका मजुराचा करार कोर्टाला दिसत होता, हजारोंची संघटना दिसत नव्हती. वकील कितीही निष्णात असला, तरी नसलेल्या कायद्याचा आधार तो कोठून आणणार? अखेर १९२१ च्या आरंभी तडजोड झाली आणि वाडियांना संघटनेपासून दूर व्हावे लागले.

या घटनेचे पडसाद दिल्लीपर्यंत उमटले. कुलाबा जिल्ह्यात जन्मलेले, भारत सेवक समाजाचे नारायण मल्हार जोशी यांनी मार्च १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मजूरसंघांना संरक्षण देणाऱ्या कायद्याची मागणी केली. १९२६ साली तो कायदा मंजूर झाला. करार मोडण्यास प्रवृत्त केले एवढ्याच कारणावरून, औद्योगिक तंट्यात, नोंदलेल्या संघावर वा त्याच्या कार्यकर्त्यावर दिवाणी दावा चालणार नाही, असे त्याच्या अठराव्या कलमाने ठरविले. पेरांबूरला जे हरले, ते दिल्लीत मिळाले.

पुढे १९४७ चा औद्योगिक कलह कायदा आला. त्याने वकिलाला दाराबाहेरच थांबविले. समेटाच्या बोलण्यात त्याला मज्जाव होता, आणि न्यायाधिकरणापुढे उभे राहण्यास प्रतिपक्षाची संमती व न्यायाधिकरणाची परवानगी, दोन्ही लागत. श्रीमंत मालकाच्या वकिलापुढे गरीब मजूर हतबल होऊ नये, हा त्यातील हेतू. तरीही वाट निघालीच. वकील मालकसंघाचा किंवा मजूरसंघाचा पदाधिकारी असेल तर त्या नात्याने तो उभा राहू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली मान्य केले.

डब्लिनला शिकून बॅरिस्टर झालेले व्ही. व्ही. गिरी यांची भूमिका या संदर्भात विचार करण्याजोगी आहे. मद्रासचे आणि पुढे केंद्राचे मजूरमंत्री असताना त्यांनी सक्तीच्या लवादापेक्षा परस्पर वाटाघाटींचा पुरस्कार केला. कोर्टात एक पक्ष जिंकतो व दुसरा हरतो. परंतु दुसऱ्या दिवशी दोघांना त्याच गिरणीत पुन्हा एकत्र काम करावयाचे असते. मजूरकायद्याच्या वकिलाने अशिलाचे कागद पाहावेतच. पण गिरणीचा भोंगा उद्या कोणासाठी वाजणार आहे, हेही त्याने विसरू नये.