कागदापासून शाळेच्या बाकापर्यंत

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात, नाशिक रोड येथे, बालविकास विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या वार्षिक अहवालात आमच्या विभागाच्या वाट्याला दरवर्षी एक पान येते. किती बालकांची तपासणी झाली, किती जणांना वाचा-उपचार मिळाले, भौतिकोपचाराची किती सत्रे झाली, याचे आकडे त्यावर असतात. ते खरे असतात आणि हिशेबासाठी आवश्यकही असतात. परंतु तपासलेल्या मुलांपैकी किती मुले पुढच्या जूनमध्ये शाळेच्या बाकावर बसली, हा रकाना त्या पानावर आजवर नव्हता. आज त्या नसलेल्या रकान्याविषयी बोलण्याची अनुज्ञा आम्ही आपणांकडे मागतो.

आरंभ आमच्याच एका चुकीपासून करणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी सिन्नरकडच्या एका खेड्यातून एक माता आपल्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी थोडे बोलत असे, पण अडखळत. सांगितलेले ऐकत नसे, एकटीच खेळत बसे. आम्ही बुद्धिमापन केले. गुणांक कमी आला. आम्ही अहवाल लिहिला, त्याखाली ‘विशेष शाळेत प्रवेश घ्यावा’ असा सल्ला लिहिला, सही केली, शिक्का मारला. आमच्या नोंदवहीत ते प्रकरण पूर्ण झाले.

दोन वर्षांनी ती माता पुन्हा आली. गावच्या शाळेने तो अहवाल पाहून ‘हिला विशेष शाळेत न्या’ असे सांगितले होते. विशेष शाळेने ‘आधी प्रमाणपत्र आणा’ असे सांगितले. प्रमाणपत्रासाठी ती दोनदा शहरात आली आणि दोन्ही वेळा अपुऱ्या कागदांमुळे परत गेली. पिशवीतून आमचाच घड्या पडलेला अहवाल काढून ती म्हणाली, “डॉक्टर, कागद दिलात, पण तो घेऊन जायचं कुठं, ते कुणी सांगितलंच नाही.”

त्या दिवशी आमच्या विभागात नव्याने आलेल्या वाचा-उपचारतज्ज्ञ भगिनींनी मुलीच्या पाठीमागे उभे राहून तिला हाक मारली. मुलीने मान वळवली नाही. श्रवणचाचणी केली, तेव्हा दोन्ही कानांत मध्यम स्वरूपाचा बहिरेपणा आढळला. तिला स्वर ऐकू येत होते, पण ‘स’, ‘श’, ‘ट’ यांसारखी व्यंजने निसटत होती. अर्धेच शब्द कानी पडणाऱ्या मुलीची आम्ही तोंडी प्रश्न विचारून बुद्धी मोजली होती. आज ती दोन्ही कानांना श्रवणयंत्रे लावून गावच्याच शाळेत शिकते; मात्र वर्गातल्या मुलांपेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. ती दोन वर्षे तिला परत देणे आम्हांस शक्य झाले नाही.

त्या प्रसंगानंतर आम्ही दोन नियम केले. पहिला, कान आणि डोळे तपासल्याखेरीज कोणत्याही मुलाची बुद्धी मोजायची नाही. दुसरा, पुढे कोणत्या दाराशी जायचे, तेथे कोणते कागद लागतील आणि कोणाला भेटायचे, हे लिहून दिल्याखेरीज एकाही पालकाला कागद देऊन घरी पाठवायचे नाही. पहिला नियम पाळणे सोपे गेले. दुसऱ्या नियमाने आम्हांला बरेच काही शिकविले. कारण ती दारे कोणती आणि किती, हे आमच्यापैकीही कोणाला नीटसे ठाऊक नव्हते.

पहिले दार वेळीच ओळखण्याचे. ‘याचे वडीलही उशिरा बोलायला लागले होते’ हे वाक्य घरोघरी प्रेमाने बोलले जाते आणि त्यात कित्येकदा मोलाची वर्षे निघून जातात. २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यातील पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात. शंका आल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात. पालकांनो, त्या दिवशी मुलाला अंगणवाडीत अवश्य पाठवा, आणि मिळालेली चिठ्ठी जपून ठेवा.

दुसरे दार प्रमाणपत्राचे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांना त्यात स्थान नव्हते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने, जो एप्रिल २०१७ पासून अमलात आला, ही संख्या २१ केली. आता अर्ज संगणकावरून करावयाचा असतो, तपासणी शासकीय रुग्णालयात होते आणि ‘यूडीआयडी’ ओळखपत्र देशभर चालते. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते.

या दाराशी कागदांपेक्षा भीतीच अधिक अडवते. ‘एकदा शिक्का बसला की जन्मभर पुसला जाणार नाही’, ‘धाकटीच्या लग्नात हे आड येईल’, असे आजी-आजोबा म्हणतात, आणि त्यांची काळजी खोटी नसते. आम्ही त्यांना एवढेच सांगतो की, ती टक्केवारी नातवाची किंमत सांगत नाही आणि तो पुढे कोठवर जाईल हेही सांगत नाही. सवलतीच्या कुलपाची ती केवळ किल्ली आहे. आणखी एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो: गावच्या शाळेत नाव घालण्यासाठी प्रमाणपत्राची वाट पाहत मुलाला घरी बसवू नका. नाव आधी घाला. प्रमाणपत्र मागाहून येऊ द्या.

तिसरे दार शाळेचे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा. २०१२ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन दिव्यांग बालकांचा वंचित घटकांत समावेश झाला, आणि तीव्र वा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय मिळाला. २०१६ च्या कायद्यातील कलम ३१ तर स्पष्टच सांगते की, ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या निवडीनुसार, विनामूल्य शिकण्याचा हक्क आहे. ‘निवडीनुसार’ हा शब्द आपण ध्यानी ठेवावा. आमचा अहवाल हा सल्ला असतो, हुकूम नव्हे. पूर्वी आम्ही तो हुकूम असल्यासारखा लिहीत होतो.

या दाराच्या आत शिक्षक उभे असतात, आणि त्यांच्याविषयी बोलल्याखेरीज हा विषय अपुरा राहील. एकदा आम्ही एका स्वमग्न मुलाचा नऊ पानांचा इंग्रजी अहवाल त्याच्या शाळेला पाठविला. काही दिवसांनी वर्गशिक्षिका स्वतः येऊन भेटल्या. दोन इयत्ता त्या एकाच खोलीत शिकवीत होत्या. अहवाल त्यांनी शब्दकोश घेऊन वाचला होता. त्या म्हणाल्या, “सर, हे सगळं खरं असेल. पण उद्या सकाळी परिपाठाची घंटा झाली की तो कान झाकून ओरडायला लागतो. तेव्हा मी काय करू, तेवढं सांगा.”

त्या प्रश्नाचे उत्तर आमच्या नऊ पानांत कोठेही नव्हते. तेव्हापासून प्रत्येक अहवालासोबत आम्ही शिक्षकांसाठी मराठीत एकच पान देतो. घंटेआधी त्याला खूण करून वर्गाच्या टोकाला न्यावे. दिवसाचा क्रम चित्रांनी फळ्याशेजारी लावावा. एका वेळी एकच सूचना द्यावी. लिहिण्यास वेळ लागत असल्यास उत्तर तोंडी घ्यावे. शिक्षणाच्या परिभाषेत ज्याला वैयक्तिक शैक्षणिक आराखडा म्हणतात, त्याचा प्रारंभ अशा एका पानानेही होऊ शकतो. पुढे पालक, वर्गशिक्षक आणि समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक यांनी एकत्र बसून तीन महिन्यांत काय साधायचे ते ठरवावे, आणि तीन महिन्यांनी पुन्हा बसावे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर १० आणि त्यापुढे १५ विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरविले आहे. प्रत्यक्षात ते गाठणे अद्याप दूर आहे, आणि तोवर या एका पानाची गरज संपणार नाही.

चौथे दार परीक्षेचे. अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यात आपले राज्य देशात अग्रेसर राहिले. १९९६ पासून त्या मिळू लागल्या. त्या काळी चाचणीसाठी मुंबईस जाण्यावाचून पर्याय नसे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील केंद्रात जाण्यासाठी सकाळची पंचवटी एक्स्प्रेस गाठणारे आई-बाप आणि त्यांच्यामध्ये मुकाट बसलेले मूल, हे दृश्य आपल्या स्थानकावरील जुन्या मंडळींच्या स्मरणात असेल. २००७ मध्ये ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट आला आणि ‘माझे मूल आळशी नसावे’ अशी शंका प्रथमच मनात घेऊन पालक येऊ लागले. आज वाढीव वेळ, लेखनिक, काही विषयांना पर्याय अशा सवलती उपलब्ध आहेत. परंतु दहावीच्या फेब्रुवारीत धावत येणाऱ्या पालकांना आम्ही फारसे साहाय्य करू शकत नाही. वयाच्या आठव्या वर्षानंतर ही चाचणी होऊ शकते. नववीतच सर्व कागद शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जावेत, आणि लेखनिकासोबत मुलाचा सरावही व्हावा. कारण दुसऱ्याच्या हाताने लिहिणे हेही शिकावेच लागते.

पाचवे दार अठराव्या वर्षाचे. येथवर आलेले पालकही या दाराशी गोंधळतात. मूल कायद्याने सज्ञान होते आणि आई-बापाची सही एकाएकी अपुरी ठरते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालकत्व घेता येते. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विम्याचे संरक्षण मिळते. ‘आमच्यामागे याचे कसे होईल’ हा प्रश्न एकही पालक मोठ्याने विचारत नाही, पण तो घेऊनच प्रत्येक जण आमच्यासमोर बसलेला असतो. त्या प्रश्नाला संपूर्ण उत्तर आमच्यापाशी नाही. त्याच्या उत्तराची पहिली पायरी मात्र या समितीच्या कार्यालयात आहे.

मित्रहो, नाशिकला या वाटेची जुनी ओळख आहे. १९७७ मध्ये, यांपैकी एकही कायदा अस्तित्वात नसताना, रजनीताई लिमये यांनी स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने इतरांच्या मुलांचाही विचार केला आणि प्रबोधिनी विद्यामंदिर उभे केले. त्या काळी बौद्धिक अक्षम मुलाच्या आईला शाळा हवी असेल, तर ती स्वतःच काढावी लागे. आज शाळा आहेत, कायदे आहेत. डिसेंबर २०२२ पासून राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही आहे. आता कोणा आईने शाळा काढण्याची आवश्यकता उरलेली नाही. पण एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंतची वाट अजूनही तिला एकटीलाच शोधावी लागते, एक दिवसाचा रोज बुडवून, मूल कडेवर घेऊन.

म्हणून आम्ही बाह्यरुग्ण विभागाशेजारी एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या आहेत. आठवड्यातून दोन दिवस तेथे एक भगिनी बसतात. त्या डॉक्टर नाहीत. त्यांचा स्वतःचा मुलगा या पाचही दारांतून गेलेला आहे. त्या पालकांचा अर्ज भरून देतात, कागद तारखेनुसार लावून फाईल बांधून देतात, मुख्याध्यापकांशी दूरध्वनीवर बोलतात आणि जरूर पडल्यास प्रमाणपत्राच्या दिवशी सोबत जातात. आमच्या औषधयोजनेपेक्षा त्यांच्या फाईलने अधिक मुले शाळेत पोहोचली, हे सांगताना आम्हांस संकोच वाटत नाही.

या कार्याचा खर्च आजवर किरकोळ निधीतून भागविला गेला. तो आता पुरत नाही. देणगीदार बंधूंनो, आपण दिलेल्या यंत्रावर आपल्या वडीलधाऱ्यांचे नाव कोरता येते, आणि ते कोरलेच पाहिजे. त्या यंत्रांवाचून त्या मुलीचा बहिरेपणाही आम्हांला कळला नसता. मानधनावर मात्र कोणाचे नाव कोरता येत नाही. तरीही आमची विनंती आहे की, त्या दोन दिवसांचे सहा दिवस व्हावेत, आणि शिक्षकांना देण्याच्या त्या एका पानासाठी एक विशेष शिक्षक विभागात कायम असावा.

पालकांना आमचे सांगणे थोडेच आहे. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती ठेवा. कोणी ‘नाही’ म्हटले, तर ते लेखी मागा, नम्रपणे मागा. शिक्षकांना दोष देण्यापूर्वी एकदा त्यांच्या वर्गात जाऊन बसा. आणि आमच्या अहवालाबद्दल शंका आली, तर ती मनात ठेवून दोन वर्षे थांबू नका. दुसऱ्याच दिवशी परत या.

विश्वस्त मंडळास शेवटची विनंती. पुढील वर्षीच्या अहवालात आमच्या पानावर तो एक रकाना वाढवावा: तपासलेल्यांपैकी शाळेत बसलेली मुले किती. पहिल्या वर्षी तो आकडा आम्हांला भूषणावह असेलच असे नाही. परंतु तो छापला जावा, आणि पुढच्या मेळाव्यात आपण सर्वांनी आम्हांला त्याचा जाब विचारावा.