दादा गेले तेव्हा

दादा कोंडके १४ मार्च १९९८ रोजी वारले. बातमी आली तेव्हा वाळूजच्या चहाटपरीवर पाळी सुटलेले कामगार आधी त्यांचे विनोद सांगून हसले, मग गप्प झाले. शहरातले सुशिक्षित विचारीत, द्वयर्थी बोलणाऱ्याचे एवढे काय दुःख? सगळेच संवाद आम्हांलाही रुचत नसत. पण नायगावच्या गिरणगावात वाढलेला, अपना बाजारात नोकरी केलेला हा माणूस ढगळ चड्डीची नाडी लोंबवीत पडद्यावर आला आणि नायक ठरला. १९७५ साली ‘पांडू हवालदार’ काढून दिग्दर्शकही झाला. कष्टकऱ्याला असा मान पडद्यावर कितीदा मिळाला? आमच्यातल्या एका हेल्परने खाडा केला. रोज बुडाला. कारण विचारले तर म्हणाला, “घरातलं माणूस गेलं.”