खडखडणारा पंप
आमच्या प्रयोगातील बंद नळीचक्रात आर-१३४ए हे शीतक पंपाने फिरे व तापकावर उकळे. एके दिवशी पंप खडखडू लागला. उघडून पाहिला, तर निर्दोष! हे द्रव्य वातावरणाच्या दाबाखाली उणे २६ अंश सेल्सिअसला उकळते. नळीत ते दाबामुळेच द्रव राहते. पंपाच्या तोंडाशी दाब किंचित उतरला, की त्याची वाफ होते व प्रवाह तुटतो. आम्ही टाकी पंपाहून उंच बसविली, द्रव अधिक थंड केला, खडखड थांबली. मात्र तोवर तापक कोरडा पडून जळला होता. आता प्रवाह थांबताच वीज तोडणारी कळ आम्ही बसविली आहे. बिघाड जेथे ओरडतो तेथेच असतो, असे नाही.