आपण कोठे राहतो?

(ज्ञातिमंडळाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी उपदेशाचे चार शब्द सांगावेत, अशी मंडळाची आज्ञा आहे. परंतु ज्याने आयुष्यभर भूगोल शिकविला, त्याने प्रश्न विचारावा हेच बरे. प्रश्न साधा आहे : आपण कोठे राहतो?

पहिले उत्तर अंकांचे. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर व ७२ अंश ५० कला पूर्व रेखांशावर आहे. अंक कोरडे खरे, पण त्यांत आपले घड्याळ दडलेले आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे पडते. १९०६ साली प्रमाणवेळ आली, तरी मुंबईतील काही व्यवहार १९५५ पर्यंत ‘मुंबई टाइम’वरच चालत.

दुसरे उत्तर शेजाराचे. दादर कोठे? पश्चिम व मध्य रेल्वेचे मार्ग जेथे भेटतात तेथे. स्थान असे नात्याने कळते.

तिसरे उत्तर प्रदेशाचे. येथे सीमा दोन प्रकारच्या असतात. एक निसर्गाची. सात बेटांमधील खाड्या व दलदली बुजवून ही मुंबई सलग झाली. परंतु जमिनीचा उंचसखलपणा गेला नाही. परळ-दादरमधील हिंदमाता बशीसारखी खोलगट आहे. मुसळधार पाऊस व समुद्राची भरती एकाच वेळी आली की तेथे पाणी तुंबते. नकाशावरून पुसलेले पाणी जमीन विसरत नाही.

दुसरी सीमा माणसांची. गिरणगाव या नावाचे स्टेशन नाही, पालिकेचा विभागही नाही. तरी लालबाग, परळ, चिंचपोकळी, वरळी येथील कोणालाही ते कोठे सुरू होते हे विचारावे लागत नसे. गिरणीचा भोंगा, चाळी, खाणावळी, भजनी मंडळे यांनी तो प्रदेश घडविला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. अक्षांश-रेखांश तसूभरही हलले नाहीत. प्रदेश मात्र विरून गेला.

आज आपली कित्येक कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरार येथे राहतात. नातवंडांच्या हातातील मोबाइल लालबागची वाट अचूक दाखवितो. परंतु नकाशा काढणाऱ्याने जे विचारले, तेवढेच नकाशात येते. आजोबांची चाळ कोठे होती, गावाहून आलेला माणूस प्रथम कोणाच्या खोलीत उतरे, हे त्यात येत नाही. ते ज्यांच्या स्मरणात आहे, अशी मंडळी दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, माझी एक विनंती. घरातील वृद्धांजवळ बसा व त्यांच्या जुन्या गल्लीचा नकाशा काढा. त्यात उत्तर दिशा दाखवा, अंतर पावलांत मोजलेले असले तरी प्रमाण लिहा आणि खुणांची सूची द्या. गिरणीचा दरवाजा, नळ, तालीम, खाणावळ, सारे मांडा. दोन वृद्धांचे मत जुळले नाही, तर दोन्ही लिहून ठेवा. पुढील संमेलनात ते नकाशे या भिंतीवर लावू.

आपण कोठे राहतो हे ज्याला सांगता येते, त्याला आपण कोठून आलो हेही सांगता येते.