जठरातल्या वेगळ्या गाठी

नंदुरबार जिल्ह्यातल्या मोलगी परिसराला सिकलसेल हा रक्ताचा आजार नवा नाही. माणूस थकला, रक्त कमी भरलं की संशय तिकडेच जातो, आणि तो खराही असू शकतो. पण जठरातली गाठही गुपचूप रक्त गाळत राहू शकते, आणि त्या रक्ताने शौच काळं पडतं. लोहाच्या गोळ्यांनीही ते काळं होतं, त्याला घाबरू नका. मात्र ते डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं असेल, तर ग्रामीण रुग्णालयात दाखवाच. पुढे दुर्बिणीने तपासून गाठीचा तुकडा काढतात.

तुकडा महत्त्वाचा, कारण जठराचे सगळे कर्करोग एका जातीचे नसतात. बहुतेक आतल्या अस्तरातून उगवतात. ‘जिस्ट’ हा दुर्मीळ प्रकार मात्र जठराच्या भिंतीत वाढतो. ‘माल्ट लिम्फोमा’ आणखी निराळा. तो अनेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे होतो आणि लवकर सापडला तर नुसत्या अँटिबायोटिकनेही विरू शकतो. कर्करोगावर अँटिबायोटिक, ऐकून नवल वाटेल!

जिस्ट शक्यतो शस्त्रक्रियेने काढतात. पसरला असेल तर इमॅटिनिबची गोळी. रक्ताच्या एका कर्करोगावरही ती चालते. तिच्या पेटंटसाठी नोव्हार्टिस कंपनी थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. विरोधात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनही उभी होती. १ एप्रिल २०१३ रोजी कंपनी हरली. मूळ औषधाला महिन्याला लाखाच्या वर लागत. भारतीय कंपन्यांची गोळी दहा हजारांच्या आसपास मिळे, ती मिळत राहिली. गाठ आक्रसली म्हणून ही गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते.