मनाचे मोजमाप आणि आपली भाषा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी मंडळाचा गणेशोत्सव, नाट्यप्रयोग आणि ग्रंथालय यांच्या आठवणी निघाव्यात, हे स्वाभाविक आहे. अशा वेळी मानसशास्त्रीय तपासणीसारखा विषय काहींना रूक्ष, तर काहींना अशुभही वाटेल. मी काही मानसशास्त्रज्ञ नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि केंद्र सरकारचा एक नोकर, एवढीच माझी ओळख. मात्र गेली काही वर्षे आपल्या सभासदांच्या घरच्या मंडळींबरोबर चिकित्सालयात दुभाष्या म्हणून जाण्याचा योग मला आला. तेथे जे पाहिले, विचारले आणि वाचले, ते आपणांपुढे ठेवीत आहे. ही मते सर्वस्वी माझी आहेत. माझ्या कार्यालयाशी त्यांचा संबंध नाही.

आपण रांचीचे रहिवासी आहोत. महाराष्ट्रात थट्टेने एखाद्याला ‘ठाण्याला’ किंवा ‘येरवड्याला’ धाडतात, तसे या प्रांतात ‘कांके’ला धाडतात. ज्या संस्थेमुळे हे नाव असे गाजले, ती केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था १९१८ साली स्थापन झाली, तेव्हा ती केवळ युरोपियन रुग्णांसाठी होती. पुढे हीच संस्था तटबंदीबाहेर पडली आणि १९६७ साली रांचीनजीक मांडर येथे तिने ग्रामीण चिकित्सालय सुरू केले. रुग्ण दाराशी येण्याची वाट न पाहता आपणच त्याच्या गावी जावे, हा त्यामागील विचार. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला आणि १९९६ पासून जिल्हावार कार्यक्रमाचा आरंभ झाला, तोही याच दिशेने. तेव्हा चिकित्सालय म्हणजे वेड्यांचे इस्पितळ, ही समजूत आता आपण सोडली पाहिजे. अभ्यासात मागे पडणारे मूल, अपघातात डोक्याला मार बसलेला तरुण, पक्षाघातातून उठलेले गृहस्थ, विसराळू झालेली आजी, अशी तुमच्याआमच्या घरांतील माणसेच तेथे बाकावर बसलेली असतात.

तेथे करतात तरी काय? प्रथम घरच्यांकडून सविस्तर हकीगत विचारतात. नंतर प्रत्यक्ष चाचण्या होतात. आकडे सरळ व उलट क्रमाने म्हणावयास सांगतात. शब्दांची यादी ऐकवून थोड्या वेळाने पुन्हा विचारतात. रंगीत ठोकळ्यांची नक्षी जुळवावयास देतात, घड्याळाचे चित्र काढावयास लावतात, एका मिनिटात आठवतील तितक्या प्राण्यांची नावे घ्यावयास सांगतात. लक्ष, स्मरण, भाषा, आकारांचे ज्ञान, कामाची आखणी ही मेंदूची निरनिराळी कार्ये आहेत. त्यांपैकी कोणते शाबूत आहे आणि कोणते मंदावले आहे, हे या साध्या वाटणाऱ्या कृतींतून उमगते. मेंदूच्या छायाचित्रात रचना दिसते. माणूस त्या मेंदूच्या आधारे काय करू शकतो, हे या तपासणीत दिसते.

या शास्त्राचा इतिहास उद्बोधक आहे. पॅरिस येथे आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली पहिली बुद्धिमापन श्रेणी रचली, ती ज्या मुलांना शाळेत विशेष साहाय्य हवे, ती ओळखता यावीत म्हणून. बुद्धी ही जन्मभर न बदलणारी ठरीव राशी आहे, हे मत बिने यांना मान्य नव्हते. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड येथे याच पद्धतीची चाचणी कानडी व मराठी मुलांसाठी रूपांतरित केली. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. मुलाच्या सामाजिक परिपक्वतेची श्रेणी आर्थर मलिन यांनी नागपूर येथे रूपांतरित केली आणि ती आजही ‘नागपूर रूपांतर’ याच नावाने देशभर ओळखली जाते. सी. एम. भाटिया यांनी १९५५ साली अशी चाचणीमाला प्रसिद्ध केली, की जिच्यात शाळेचे तोंड न पाहिलेल्या मुलालाही हातांनी उत्तर देता यावे. या साऱ्यांना एकच गोष्ट उमगली होती. परक्या मुलखातील प्रश्न जसाच्या तसा उचलून आणला, तर तो बुद्धीचे माप घेत नाही. परकेपणाचे माप घेतो.

नेमका येथेच आपणा परप्रांतीय मराठी कुटुंबांचा प्रश्न उभा राहतो. येथील तपासणी बहुधा हिंदीत किंवा इंग्रजीत होते. हिंदी आणि मराठी यांची लिपी एक, शब्दही पुष्कळसे एक. म्हणूनच फसगत अधिक. ‘शिक्षा से क्या लाभ है?’ असे घरी केवळ मराठी बोलणाऱ्या लहान मुलास विचारले, तर ‘पुन्हा खोड्या करत नाही’ असे तो सांगेल. उत्तर तर्काला धरून आहे. पण त्याला गुण मिळणार नाही. फळांची नावे घेताना कोकणातील आजी करवंदे, तोरणे, अळू, रातांबे अशी यादी म्हणेल आणि समोरच्या परीक्षकाला त्यांतील निम्मे शब्द निरर्थक वाटतील.

याहून सूक्ष्म गोष्ट महिन्याची. स्मरणाच्या तपासणीत ‘सध्या कोणता महिना?’ हा प्रश्न असतोच. समजा, कार्तिकी पौर्णिमा होऊन आठवडा लोटला आहे. आपली आजी ‘कार्तिक’ म्हणेल, कारण आपला महिना अमावास्येला संपतो. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून परीक्षकाच्या पंचांगात अगहन लागलेला असतो. आजी अचूक आणि परीक्षकही अचूक. तरी कागदावर चूक आजीचीच पडते!

शास्त्रज्ञांना याची जाणीव नाही असे नव्हे. १९७५ साली अमेरिकेत निघालेली तीस गुणांची सुप्रसिद्ध मनोवस्था चाचणी हरियाणातील बल्लभगढ परिसरातील निरक्षर वृद्धांसाठी बदलून घेण्यात आली आणि ती हिंदी चाचणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. मूळ चाचणीत ‘डोळे मिटा’ हे वाक्य वाचून तसे करावयाचे होते. येथे परीक्षक स्वतः डोळे मिटतो आणि वृद्धाने त्याचे अनुकरण करावयाचे. बेंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने, म्हणजे निम्हान्सने, २००४ साली भारतीय प्रमाणके असलेली चाचणीमाला प्रसिद्ध केली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनेही स्मृतिभ्रंशाच्या निदानासाठी चाचणीसंच सिद्ध केला. परंतु त्याची पहिली रूपे हिंदी, बंगाली, तेलुगू, कानडी आणि मल्याळम या पाच भाषांत झाली. मराठी त्यांत नव्हती.

आता दोन उदाहरणे सांगतो; ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एका घरच्या आजी बोलेनाशा झाल्या, नावे विसरू लागल्या. एके ठिकाणी घाईघाईने हिंदीत प्रश्न विचारून स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारण्यात आला होता. घरात त्यांच्या हातून बँकेचे पुस्तक, स्वयंपाकघर आणि देवघराच्या किल्ल्या एकामागून एक गेल्या. पुढे सामुदायिक चिकित्सालयात सर्व प्रश्न मराठीतून विचारण्यात आले, तेव्हा निराळेच चित्र दिसले. कानांनी ऐकू कमी येत होते आणि यजमानांच्या निधनानंतर मनाला खोल नैराश्याने ग्रासले होते. श्रवणयंत्र आणि औषधोपचार यांनी काही महिन्यांत आजी पुन्हा बोलत्या झाल्या. किल्ल्याही परत आल्या.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. एक निवृत्त गृहस्थ हिशेबात चुकू लागले, ओळखीच्या रस्त्यावर भांबावू लागले. ‘त्यांना येथील भाषा कळत नाही, म्हणून असे होते,’ अशी घरच्यांनी दोन वर्षे स्वतःची समजूत घातली. तपासणी शुद्ध मराठीत झाली आणि तरीही दोष स्पष्ट दिसला. आजार खरा होता. भाषेचे कारण पुढे करून आपण सत्यापासून पळूही शकतो, हे त्या दिवशी मला शिकावयास मिळाले. मातृभाषेतील तपासणी म्हणजे सवलत नव्हे. तिच्यामुळे जे आहे ते आहे आणि जे नाही ते नाही, एवढे ठरते.

दुभाष्याचे कामही म्हणूनच कठीण आहे. तेथील मानसशास्त्रज्ञांनी आम्हांस पहिल्याच दिवशी बजावले: विचारले तेवढेच सांगा, आले तसेच उत्तर द्या, सावरून घेऊ नका. मुलगा किंवा सून शेजारी बसली की नकळत ओठ हलवून उत्तर सुचवते. प्रेमापोटी केलेली ही मदत निदान बिघडवते. घरचा नसलेला, पण भाषेचा माणूस हवा, तो यासाठी.

एक आनंदाची वार्ताही सांगतो. हैदराबाद येथे डॉ. सुवर्णा अल्लाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार एकभाषिकांपेक्षा सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे त्यांस आढळले, आणि निरक्षरांतही हा फरक दिसला. सर्वच अभ्यासांत असा निष्कर्ष निघालेला नाही, हे खरे. तथापि घरात मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी ही आपली ओढाताण म्हणजे निव्वळ तोटा नव्हे, एवढे समाधान आपण मानावयास हरकत नाही.

व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून आवरते घेतो. तपासणीस जाताना चष्मा, श्रवणयंत्र, चालू औषधांची यादी आणि मुलाच्या शाळेच्या वह्या बरोबर न्याव्यात. झोप आणि न्याहारी झालेली असावी. तपासणी करणाऱ्या चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे विचारण्यात संकोच नसावा. थायरॉइडचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांनीही विस्मरण होते, म्हणून रक्ततपासणी टाळू नये. बुद्ध्यंकाचा आकडा आला, तर तो कोणत्या चाचणीचा आणि कोणत्या भाषेतला, हे लेखी मागावे. आणि अध्ययन-अक्षमता म्हणजे मतिमंदत्व नव्हे. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार अधिनियमाने तिला स्वतंत्र स्थान दिले आहे, हे शाळेस नम्रतेने सांगावे.

मंडळास माझी एकच विनंती आहे. पन्नास वर्षे आपण येथे भाषा जपली ती रंगमंचावर, ग्रंथालयात आणि आरतीच्या ताटाभोवती. आता चिकित्सालयात सोबत जाऊ शकतील अशा दहा-बारा सभासदांची यादी कार्यालयात लावावी, त्यांना मानसशास्त्रज्ञांकडून एक दिवसाचे शिक्षण द्यावे, आणि तेथे पाहिले-ऐकले ते बाहेर बोलणार नाही असे वचन त्यांच्याकडून घ्यावे. यास खर्च जवळजवळ नाही. परमुलखात आजारी पडलेल्या माणसाला स्वतःच्या भाषेत प्रश्न विचारला जावा, यापरते मोठे कार्य मंडळाकडून कोणते व्हावे?